डोळ्यांत तेल

जागरूकतेची पराकाष्ठा सांगावयाची झाली म्हणजे आपण मराठींत ‘डोळ्यांत तेल घालून’ असा शब्दप्रयोग करतों. रात्रीचा पहारेकरी, तापानें फणफणलेल्या मुलाच्या उशाशीं बसलेली आई, सरकारी खजिन्याचा हिशेबनीस, या सर्वांनीं डोळ्यांत तेल घालून काम करावें अशी आपली अपेक्षा असते. वाक्प्रचार हे शब्दशः घ्यावयाचे नसतात हें खरें; पण इतिहास कधीं कधीं मोठा थट्टेखोर निघतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं अनेक रोग्यांच्या डोळ्यांत खरोखरीच तेल गेलें. तें कोणा वैऱ्यानें घातलें नव्हतें. निष्णात नेत्रवैद्यांनीं, निर्जंतुक पिचकारीनें, दृष्टि वाचविण्यासाठीं दिलेल्या औषधाबरोबर तें गेलें. आणि तें इतकीं वर्षें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं याचें कारण एवढेंच कीं, त्या एका जागीं डोळ्यांत तेल घालून पाहणें हें कोणाचेंच काम ठरलेलें नव्हतें. हें कसें घडलें तें सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

मूळ शोधूं गेल्यास आपणांस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागें जावें लागतें. डब्लिन शहरांतील फ्रान्सिस रिंड या शस्त्रवैद्यानें १८४४ सालीं चेहऱ्याच्या असह्य शूळानें गांजलेल्या एका बाईच्या कातडीखालीं पोकळ सुईवाटे मॉर्फिनचें द्रावण सोडलें. त्याच्या उपकरणास दट्ट्या नव्हता. औषध आपल्याच भारानें खालीं उतरे. १८५३ सालीं फ्रान्समधील प्राव्हाझ व एडिंबरो येथील अलेक्झांडर वुड यांनीं, एकमेकांचा पत्ता नसतां, पोकळ सुईस दट्ट्याची पिचकारी जोडली. आज जिला लहान मूलहि सिरिंज म्हणून ओळखतें व भितें, तिचा जन्म असा झाला. त्यापूर्वीं दोनच वर्षें हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडितानें जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ पाहण्याचें यंत्र जगापुढें ठेविलें होतें. डोळ्याच्या आंत पाहण्याचें साधन आणि शरीराच्या आंत औषध पोंचविण्याचें साधन, हीं दोन्ही अशीं एकाच काळीं उदयास आलीं. पण त्यांची गांठ पडण्यास पुष्कळ अवधि लागला. १८८४ सालीं कार्ल कोल्लर यानें कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर करतां येतो हें दाखविलें, तेव्हां कोठें जाग्या रोग्याच्या डोळ्यास शस्त्र लावणें सुसह्य झालें. १९११ सालीं ओम नांवाच्या जर्मन वैद्यानें सुटलेलें दृष्टिपटल जागेवर बसविण्यासाठीं डोळ्याच्या गोलांत हवा भरून पाहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत आंतून सडूं लागलेला डोळा वांचविण्यासाठीं पेनिसिलिन टोंचण्याचे प्रयोग झाले. परंतु हे सारे अखेरचे उपाय होते. डोळ्यांत सुई घालण्याची वेळ शेंकडों नेत्ररोग्यांत एखाद्यावर येई. त्यामुळें पिचकारी बनविणाऱ्यांनीं दंड, मांडी आणि शीर यांचाच विचार केला. डोळ्याचा केला नाहीं, आणि करण्याचें कारणहि नव्हतें.

त्या काळीं वैद्यकास भेडसावणारें दूषण निराळेंच होतें. तें सजीव होतें. मुंबईच्या इतिहासाशीं निगडित असलेली एक घटना येथें सांगितली पाहिजे. वाल्डेमार हाफकिन यांनीं मुंबईंत प्लेगची लस सिद्ध केली आणि १८९७ च्या जानेवारींत ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढें १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मलकोवाल या खेड्यांत ती लस टोंचलेल्या लोकांपैकीं एकोणीस जण धनुर्वातानें मरण पावले. हे सर्व जण एकाच बाटलींतील लस टोंचलेले होते. हाफकिन यांच्यावर ठपका आला, त्यांचें काम सुटलें, आणि त्यांच्या माथ्यावरील दोष धुऊन निघण्यास १९०७ साल उजाडावें लागलें. त्या बाटलींत जंतु परळच्या प्रयोगशाळेंत शिरले कीं खेड्यांत बूच काढतांना शिरले, यावर तेव्हां मोठा वाद माजला. या वादांतील एक मुद्दा आपल्या विषयाच्या मुळाशीं आहे. औषध तयार होतें तेथून तें रोग्याच्या अंगांत शिरतें तेथपर्यंत अनेक हात बदलतात. आणि प्रत्येक हात म्हणतो, माझ्याकडून गेलें तेव्हां तें शुद्ध होतें.

सजीव दूषणाशीं झालेला हा लढा विसाव्या शतकाचा मोठा भाग व्यापून राहिला. कांचेची पिचकारी उकळून पुन्हा पुन्हा वापरण्याची जुनी पद्धत ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना दवाखान्याच्या कोपऱ्यांत स्टोव्हवर खदखदणारें तें पसरट भांडें आठवत असेल. उकळणें नीट झालें तर ठीक. न झालें तर एकाचा रोग दुसऱ्यास. ईजिप्त देशांत १९५० नंतर सुमारें तीन दशकें बिल्हार्झिया रोगाच्या निर्मूलनासाठीं सरकारनें गांवोगांव इंजेक्शनें देवविलीं. हेतु परम कल्याणाचा होता. परंतु नीट न उकळलेल्या त्याच त्या पिचकाऱ्यांनीं यकृताचा सांसर्गिक रोग, हिपॅटायटिस सी, एका सबंध पिढींत पसरला. हा अनर्थ पाहिला म्हणजे एकदांच वापरून फेकून देण्याच्या प्लास्टिकच्या पिचकारीनें मानवजातीवर किती उपकार केले आहेत तें कळतें. न्यूझीलंडमधील तिमारू येथील कॉलिन मर्डॉक या औषधविक्रेत्यानें १९५६ सालीं अशा पिचकारीचें पेटंट घेतलें. पुढील कांहीं दशकांत ती जगभर पसरली आणि उकळण्याचीं भांडीं माळ्यावर गेलीं.

पण निसर्गाच्या बाजारांत फुकट असें कांहीं मिळत नाहीं. कांचेच्या जुन्या पिचकारींत नळी आणि दट्ट्या हीं दोन्ही कांचेचीं असत व एकमेकांवर घासून इतकीं नेमकीं बसविलेलीं असत कीं, दट्ट्या आपोआप सरके. ही कारागिरी फेकून देण्याच्या वस्तूंत परवडणारी नव्हती. म्हणून प्लास्टिकच्या नळींत प्लास्टिकच्या दांड्यास रबराचें टोंक बसविण्यांत आलें. रबरानें गळती थांबली, पण रबर प्लास्टिकवर अडखळतें, चिकटतें आणि मग धक्क्यासरशीं पुढें जातें. यावर उपाय म्हणजे तेल. नळीच्या आंतील बाजूस सिलिकोन तेलाचा पातळ थर द्यावयाचा. सुई कातडींत सुखानें शिरावी म्हणून तिलाहि तोच लेप द्यावयाचा. अशा रीतीनें, जंतूंस हांकून लावणाऱ्या त्याच वस्तूंत तेलाचा प्रवेश झाला. हें कोणीं चोरून केलें नाहीं. दंडांत किंवा मांडींत चार सूक्ष्म थेंब गेले तर शरीर त्यांची दखलहि घेत नाहीं, असा अनुभव होता. आणि त्या जागांपुरता तो खोटा नव्हता.

या तेलाची कुळकथाहि मनोरंजक आहे. इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथें फ्रेडरिक किपिंग या रसायनशास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या आरंभीं सिलिकोन हें नांव रूढ केलें. जन्मभर या पदार्थांचा अभ्यास करूनहि, यांतून व्यवहारोपयोगी असें कांहीं निघण्याची फारशी आशा नाहीं, असा सूर त्यानें १९३६ च्या आपल्या व्याख्यानांत लावला. दहा वर्षें लोटण्यापूर्वींच महायुद्धानें त्याचें म्हणणें खोटें पाडलें आणि सिलिकोनचे कारखाने उभे राहिले. त्याहून नवल असें कीं, १९६२ सालीं पॉल सिबिस या अमेरिकेंतील नेत्रवैद्यानें हेंच तेल मुद्दाम डोळ्यांत भरलें. सुटलेलें दृष्टिपटल तेलाच्या दाबानें जागेवर धरून ठेवावें, ही त्याची कल्पना होती. आणि कठीण प्रसंगीं नेत्रवैद्य आजहि तो उपाय करतात. मात्र तेथें तेल जाणूनबुजून, मोजून घातलें जातें, रोग्यास सांगून घातलें जातें आणि बहुधा कांहीं महिन्यांनीं काढून घेतलें जातें. औषध आणि दूषण यांतील भेद पुष्कळ वेळां पदार्थांत नसून या मोजण्यांत व सांगण्यांत असतो.

तेल पिचकारींतून सुटून औषधांत मिसळतें, याची पहिली ठळक सूचना डोळ्याच्या वैद्यांकडून आली नाहीं. ती मधुमेहाच्या वैद्यांकडून आली. फेकावयाच्या पिचकाऱ्यांतील सिलिकोन तेल इन्सुलिनच्या बाटलींत उतरतें, अशी तक्रार १९८५ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाली. रोगी एकाच बाटलींतून दिवसेंदिवस इन्सुलिन काढी; प्रत्येक वेळीं थोडी हवा व तिच्याबरोबर थोडें तेल बाटलींत जाई. स्वच्छ इन्सुलिन गढूळ दिसूं लागल्याच्या तक्रारीहि त्या काळांत आल्या. तेव्हां घंटा वाजली होती. पण ती मधुमेहाच्या देवळांत वाजली. डोळ्याच्या देवळांतील पुजाऱ्यांस ती ऐकूं येण्याचें कारण नव्हतें.

डोळ्याच्या बाबतींत सारें चित्र पालटलें तें २००४ नंतर. उतारवयांत दृष्टिपटलाच्या मध्यभागीं नको त्या रक्तवाहिन्या फुटून वाचन, शिवण, ओळखीचे चेहरे हें सर्व हिरावून नेणारा एक रोग आहे. मधुमेहानेंहि दृष्टिपटलावर अशाच प्रकारची आपत्ति ओढवते. या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारीं औषधें निघालीं. पेगाप्टॅनिब २००४ च्या अखेरीस व रॅनिबिझुमॅब २००६ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. मधल्या काळांत, २००५ सालीं, मायामी येथील फिलिप रोझेनफेल्ड यांनीं आंतड्याच्या कर्करोगासाठीं मान्य झालेलें बेव्हासिझुमॅब हें औषध अल्प प्रमाणांत डोळ्यांत टोंचून पाहिलें व तें गुणकारी ठरलें. या सर्व औषधांची मात्रा एका थेंबाएवढी, बहुधा ०.०५ मिलिलिटर. केंसासारख्या बारीक सुईनें, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर अंतरावर, ती डोळ्याच्या पांढऱ्या भागांतून आंतील कांचेसारख्या स्वच्छ, लिबलिबीत रसांत सोडावयाची. आणि हें एकदां करून भागत नाहीं, महिन्या दोन महिन्यांनीं, वर्षानुवर्षें करावें लागतें. जो उपाय शेंकडों नेत्ररोग्यांत एखाद्याच्या वांट्यास येई, तो आतां जगांतील लाखों लोकांच्या नित्याचा झाला.

येथें पिचकारीचा प्रश्न उभा राहिला. बेव्हासिझुमॅबची कर्करोगासाठीं भरलेली एक बाटली डोळ्याच्या कित्येक मात्रांस पुरते; म्हणून औषधालयांत ती लहान पिचकाऱ्यांत वाटून ठेवण्याची चाल पडली. एवढ्या अल्प मात्रेस सोयीची पिचकारी कोणती? इन्सुलिनची. तिची सुई तिच्यांतच बसविलेली असल्यामुळें औषध वायां जात नाहीं, तिच्यावरील खुणा बारीक असतात, आणि ती स्वस्त असते. याच पिचकारीच्या नळींतील तेलाविषयीं वीस वर्षांपूर्वीं मधुमेहाच्या वैद्यांनीं तक्रार केली होती, याची आठवण कोणास राहिली नाहीं.

२००६ सालीं अमेरिकेंतील नेत्रवैद्यांनीं ‘रेटिना’ या नियतकालिकांत, इंजेक्शनानंतर रोग्यांच्या डोळ्यांत सिलिकोन तेलाचे थेंब आढळल्याचें नमूद केलें. २००८ सालीं आणखी रोग्यांची हकीकत आली. २०११ सालीं प्रयोगशाळेंतील तपासणींत असें दिसलें कीं, पिचकारींत वाटून ठेवलेल्या औषधांत तेलाचे सूक्ष्म थेंब व औषधांतील प्रथिनांच्या गुठळ्या सांपडतात, आणि औषध हेळसांडीनें हाताळलें, गोठूं दिलें किंवा हलविलें तर त्या वाढतात. २०१९ च्या सुमारास ब्राझीलमधील नेत्रवैद्यांनीं एक साधी पण डोळे उघडणारी गोष्ट दाखविली. पिचकारींतील हवेचा बुडबुडा वर यावा म्हणून तिला नखानें टिचकी मारण्याची जी संवय प्रत्येक वैद्यास व परिचारिकेस असते, त्या टिचकीनेंच भिंतीवरील तेल सुटून मोठ्या प्रमाणांत औषधांत उतरतें. सुरक्षिततेसाठीं शिकविलेली संवयच दूषणाचें कारण ठरावी, हें मननीय आहे.

तेल हा एकच कण नव्हे. कांचेची कुपी फोडतांना कांचेचा सूक्ष्म चुरा औषधांत पडतो; बाटलीच्या रबरी बुचांतून जाड सुई जातांना रबराचा कपचा निघतो; पुसण्याच्या कापसाचा तंतु सुईस चिकटून आंत जाऊं शकतो. या कणांस नियम नाहींत असें नाहीं. अमेरिकेच्या औषधसंहितेनें सामान्य इंजेक्शनाच्या लहान बाटलींत दहा मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण ६,००० पर्यंत व पंचवीस मायक्रॉनचे ६०० पर्यंत चालतील असें ठरविलें आहे. डोळ्याच्या औषधास मात्र ती कडक आहे. दर मिलिलिटरमागें दहा मायक्रॉनचे ५०, पंचवीसचे ५ आणि पन्नासचे केवळ २, ही मर्यादा. म्हणजे डोळा निराळा आहे हें शास्त्रास ठाऊक होतें. मग उणें कोठें राहिलें?

उणें सांध्यांत राहिलें. औषध करणारा आपली बाटली तपासतो. त्या बाटलींतील रस मर्यादेंत असतो. पिचकारी करणारा आपली पिचकारी कातडी व स्नायु यांसाठीं विकतो. डोळ्यासाठीं ती वापरा असें तो म्हणत नाहीं. वैद्य बाटली आणि पिचकारी यांची गांठ घालतो. आणि दोन्ही निर्जंतुक आहेत, एवढी त्याची खात्री असते. बाटली शुद्ध, पिचकारी निर्जंतुक, वैद्याचा हात स्वच्छ. तरी सुईच्या टोंकांतून बाहेर पडणारा थेंब कसा आहे, हें पाहणें कोणाच्याच वांट्यास आलें नाहीं. मलकोवालच्या बाटलीचा वाद पुन्हा शंभर वर्षांनीं उभा राहिला. फरक इतकाच कीं, तेथें प्रत्येकाला दुसऱ्यावर दोष ढकलावयाचा होता, आणि येथें दोष आहे हेंच पुष्कळ दिवस कोणास ठाऊक नव्हतें.

तो उघडकीस आला तो डोळ्याच्या एका विलक्षण गुणामुळें. शरीराच्या इतर कोणत्याहि भागांत गेलेला कण मुका असतो. स्नायूंत रुतलेला कांचेचा चुरा आपली हकीकत सांगत नाहीं. डोळ्यांतील कण मात्र प्रकाशाच्या वाटेंत उभा राहतो व त्याची सांवली दृष्टिपटलावर पडते. म्हणजे ज्याच्या अंगांत दूषण गेलें, तोच त्याचा साक्षीदार होतो. सिलिकोन तेल पाण्यापेक्षां किंचित् हलकें असतें, म्हणून रोगी ताठ बसला म्हणजे तें डोळ्याच्या वरच्या भागांत चढतें. पण दृष्टिपटलावरील चित्र उलटें असल्यामुळें रोग्यास ते थेंब खालच्या बाजूस तरंगतांना दिसतात. गोल, कडा स्पष्ट असलेले, मान हलविली कीं डोलणारे असे हे थेंब असतात. हवेचा बुडबुडा दोन चार दिवसांत विरून जातो. हे जात नाहींत. बहुतेकांस त्यांपासून त्रासापलीकडे इजा होत नाहीं, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण एका रोग्यास वर्षांत पांच सात इंजेक्शनें घ्यावयाचीं असतात आणि थेंब सांचत जातात. कोणास ते इतके असह्य झाले कीं शस्त्रक्रिया करून काढावे लागले. डोळ्याचा दाब वाढणें व आंतील दाह यांच्याशीं या तेलाचा कितपत संबंध आहे, यावर नेत्रवैद्यांत विचार चालू आहे.

यावर कोणी म्हणेल, मग स्वस्त औषधाचा हा वाटपाचा व्यवहारच बंद करा. हा निवाडा उतावीळपणाचा होईल. २०११ सालीं अमेरिकेंतील मोठ्या तुलनात्मक प्रयोगानें दाखविलें कीं, बेव्हासिझुमॅब आणि रॅनिबिझुमॅब यांचा दृष्टीवरील गुण सारखाच येतो. त्या वेळीं अमेरिकेंत एकाच्या मात्रेस सुमारें ५० डॉलर पडत, दुसऱ्याच्या मात्रेस सुमारें २,०००. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१३ सालीं या स्वस्त औषधास डोळ्यासाठीं आवश्यक औषधांच्या यादींत स्थान दिलें. भारतांतील कित्येक रोग्यांस हें औषध आणि अंधत्व यांवांचून तिसरा मार्ग नसतो. त्याच २०११ सालीं फ्लॉरिडांत, एकाच औषधालयांतून वाटलेल्या पिचकाऱ्यांनीं बारा रोग्यांच्या डोळ्यांत जंतु शिरले व बहुतेकांची दृष्टि गेली, हेंहि विसरतां येत नाहीं. जुनें सजीव दूषण कोठें गेलेलें नाहीं. एका दूषणाच्या भीतीनें दुसऱ्याच्या जबड्यांत जाणें किंवा दोहोंच्या भीतीनें रोग्यास आंधळें होऊं देणें, यांपैकीं कशासहि शहाणपण म्हणतां येणार नाहीं.

आणि उपाय तरी काय अवघड आहेत? रबर व तेल दोन्हीहि नसलेल्या, दोनच भागांच्या पिचकाऱ्या मिळतात. औषध पिचकारींत दीर्घ काळ सांठवूं नये, तें गोठूं देऊं नये, टिचकी मारूं नये, कुपींतील औषध गाळणीच्या सुईनें ओढावें आणि टोंचण्यासाठीं दुसरी सुई लावावी, हें सर्व कोणत्याहि तालुक्याच्या दवाखान्यांत करतां येण्याजोगें आहे. महाग औषधांच्या कारखानदारांनीं आगाऊ भरलेल्या पिचकाऱ्या बाजारांत आणल्या, व कांहींत तेलाचा थर उष्णतेनें कांचेवर भाजून पक्का करण्याची युक्ति योजिली. जें महाग औषधास साधतें तें स्वस्त औषधाच्या रोग्यास मिळूं नये, असा निसर्गाचा कोणताहि नियम नाहीं.

दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ आपणांस दिसतें पण आपल्या डोळ्यांतील मुसळ दिसत नाहीं, असें आपले वाडवडील सांगत आले. या इतिहासांत ती म्हण उलटी पडली आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांत आपणच घातलेलें कुसळ वैद्यकास दिसलें नाहीं; ज्याच्या डोळ्यांत तें होतें त्यालाच तें दिसलें. ‘डॉक्टरसाहेब, कालपासून खालीं कांहीं गोल गोल फिरतें आहे’ असें सांगणारी एखादी वृद्धा ही त्या क्षणीं प्रयोगशाळेंतील सूक्ष्मदर्शकाइतकीच विश्वसनीय साक्षीदार असते. तिला ‘वयोमानानें व्हावयाचेंच’ म्हणून परत पाठविणें सोपें आहे. पण तिचें म्हणणें कागदावर उतरवून घेऊन, पिचकारी कोणती होती, औषध केव्हां भरलें होतें, टिचकी मारली होती काय, एवढे तीन प्रश्न ज्या वैद्यानें विचारले, त्यानेंच डोळ्यांत तेल घालून काम केलें असें म्हणावें.